"थोडं सहन करावंच लागतं" म्हणे!

गेल्या रविवारी सकाळी सान होजेत एका मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. मेळा म्हणजे काय, तर वीस-पंचवीस गाड्या, कॉफीचे कागदी पेले, आणि प्रत्येक उघड्या बॉनेटभोवती हाताची घडी घालून उभे असलेले चार पुरुष. तिथे एक जण १९६८चा शेव्हरोले पिकअप घेऊन आला. रंग असा की नजर हटू नये. आणि जमिनीपासून इतका खाली की मांजराला खालून जायचं असेल तर पोटावर सरपटावं लागेल. पार्किंगच्या तोंडाशी जो इवलासा उंचवटा असतो, तो त्याने गाडी तिरकी करून एकेक चाक चढवत पार केला, तरी खर्रर्र आवाज आलाच. उतरला तो कंबर धरून. वय असेल पस्तीस. मी विचारलं, काय झालं? तर हसत म्हणाला, खाली केलेली गाडी आहे, थोडं सहन करावंच लागतं.

मंडळी, माझं डोकं फिरलं.

त्याच्यावर नाही, त्या वाक्यावर. कारण हेच वाक्य मी स्वतः वर्षभर लोकांना ऐकवलंय. ऑफिसातल्या मित्रांना ऐकवलं, बायकोला ऐकवलं, शेवटी बाबांना ऐकवलं, आणि तिथे ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं. म्हणून आजचा हा लेख. सिनेमा-पुस्तकांसाठी येणाऱ्यांनी या विकेंडला माफ करावं, आज विषय स्प्रिंगांचा आहे.

ज्यांचा या जुन्या ट्रकांशी काही संबंध नाही (म्हणजे तुमच्यापैकी बहुतेक सगळे) त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. शेव्हरोलेचा सी-टेन हा अर्ध्या टनाचा पिकअप १९६०मध्ये आला. १९६० ते १९६६ पहिली पिढी, १९६७ ते १९७२ दुसरी, आणि १९७३ ते १९८७ ती चौकोनी तोंडाची तिसरी. अमेरिकेत आज जुना पिकअप घेऊन तो खाली करणाऱ्यांत सी-टेनवाल्यांचा पंथ बहुधा सगळ्यात मोठा आहे. आणि त्याला कारण आहे. मालवाहू गाडी म्हटली की पुढे-मागे पाटे, हा तोपर्यंतचा रिवाज. सी-टेनला मात्र १९६०पासूनच पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र हलणारी दिली होती. आधी टॉर्शन बारवर, १९६३पासून गोल स्प्रिंगांवर. मागेसुद्धा पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा आणि एक्सलला धरून ठेवणारे दोन लांब हात, ज्यांना ट्रेलिंग आर्म म्हणतात. हे मागचं डिझाइन इतकं चांगलं निघालं की नॅसकारच्या मुख्य शर्यतीतल्या गाड्यांनी त्याच धर्तीचे हात कित्येक दशकं वापरले. २०२२मध्ये नवी गाडी आली तेव्हा कुठे ते सुटले. १९७३मध्ये शेव्हरोले स्वतःच परत मागच्या पाट्यांवर गेली, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे "अरे जुना ट्रकच तो, बसायला कधी चांगला होता?" असं म्हणणारे खूप भेटतात. होता. माणसाने बसावं म्हणून मुद्दाम, पैसे खर्च करून चांगला केला होता. साठ वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये कुणीतरी ड्रॉइंग बोर्डवर वाकून ती जागा आखली, आणि आपण ती गॅस कटरने कापून टाकतो.

आता माझं पाप.

दोन वर्षांपूर्वी मी १९७२चा सी-टेन घेतला. सेंट्रल व्हॅलीतल्या एका माणसाकडून, मळकट हिरवा, इंजिन ठणठणीत, आणि आधीच खाली केलेला. कुणी केला, कसा केला, मी विचारलंसुद्धा नाही. मला तो दिसला आणि मी विरघळलो. सॉफ्टवेअरवाल्याला हात काळे करायला काहीतरी हवं असतं हो. दिवसभर जे लिहितो ते हाताला लागत नाही, रिलीज झालं की चार महिन्यांनी कुणीतरी ते काढून दुसरं टाकतं. हा ट्रक मात्र ठोस होता. जरा जास्तच ठोस, हे घरी येताना कळलं. पण तेव्हा तेच वाक्य कामी आलं. खाली केलेली गाडी अशीच असते.

मग गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं होते, सातारा विभागात. हात आणि कान दोन्ही तयार. आणि मणक्याची गादी सरकलेली, तीही त्याच एकतीस वर्षांची कमाई. विमानतळावर शहाण्या माणसाने बायकोची गाडी न्यायला हवी होती. मी बाबांना दाखवायचं म्हणून ट्रक नेला. आई बायकोबरोबर गाडीत, आणि बाबा ऐटीत माझ्या शेजारी, बॅगा मागे हौद्यात. बावीस तासांच्या प्रवासानंतर.

सान मटेओचा पूल ज्यांनी ओलांडलाय त्यांना माहीत असेल, खाडीवर मैलोन् मैल सपाट जाणारा रस्ता आणि ठरावीक अंतरावर जोड. दर जोडाला धप्प. धप्प. धप्प. बाबा काही बोलले नाहीत. पुढे ८८० लागला. ओकलंडच्या भागात ५८०वर जड ट्रकांना बंदी असल्यामुळे बंदराचे सगळे कंटेनर ८८०वरून धावतात, आणि त्या रस्त्याची अवस्था काय असते ते विचारू नका. एका खड्ड्याला मागून असा दणका बसला की बाबांनी डॅशबोर्ड धरला. मी म्हटलं, "बाबा, खाली केलेली गाडी आहे, थोडं सहन करावं लागतं." ते "हं" म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा त्यांना सीटवरून उठता येईना.

नऊ दिवस ते अंथरुणावर होते. ग्रँड कॅन्यनचं बुकिंग गेलं, ते जाऊ दे. आई दिवसभर गरम पाण्याची पिशवी भरत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दहाव्या दिवशी बाबा काठी टेकत गॅरेजमध्ये आले आणि म्हणाले, "मागच्या रबराला ग्रीस लाव. भरपूर लाव. आणि गल्लीत एक फेरी मारून ये."

मागच्या एक्सलच्या वर, चॅसीला एक रबराचा ठोकळा असतो. बंप स्टॉप. चाक खड्ड्यातून उसळून फारच वर आलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून शेवटचा उपाय. मी ग्रीस लावलं, शांत, सपाट गल्लीत ताशी वीस मैलाने एक फेरी मारली, परत आलो. एक्सलवर ग्रीसचा हा एवढा डाग.

"बघ," बाबा म्हणाले, "तुझी गाडी स्प्रिंगवर चालतच नाही. ठोकळ्यावर चालते. एस.टी.त असा पाटा बसलेली गाडी आली असती तर आम्ही ती मार्गावर सोडली नसती लेका. तू मला घेऊन आलास."

मी आडवा झोपून टॉर्च मारला. उभ्या गाडीत एक्सल आणि रबर यांच्यात माझं बोट जेमतेम जात होतं. स्प्रिंगचं टोक कापलेलं, कापल्याजागी लोखंड निळं-काळं पडलेलं. पुढेही तेच. वर्षभर मी या गाडीत बसत होतो. इंजिनिअरिंगची पदवी आहे माझ्याकडे. (मेकॅनिकलची नाही, पण व्हायब्रेशन शिकायला मेकॅनिकल कशाला लागतं? पहिल्या वर्षाचं फिजिक्स पुरतं.)

तर आता फिजिक्स. पळू नका, सोपं आहे.

गाडी बसायला कशी लागते याचं बरंचसं उत्तर एका आकड्यात असतं: धक्का बसल्यावर गाडीचं धूड स्वतःच्या तालात सेकंदाला किती वेळा वर-खाली होतं. स्प्रिंग साधी, एकसारखी असेल तर हा ताल फक्त एका गोष्टीवर ठरतो, वजनाने ती चाकापाशी किती दबली यावर. पंचवीस सेंटिमीटर दबली असेल तर सेकंदाला एक हेलकावा. अकरा सेंटिमीटर असेल तर दीड. सहा असेल तर दोन. एक ते दीड हे माणसाला बरं वाटतं, चालण्याच्या तालाच्या थोडं खाली. दोनच्या पुढे गाडी दणदण लागायला लागते. आणि चार ते आठच्या पट्ट्यात वर-खाली होणारं कंपन बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त झोंबतं, कारण आपलं धड आणि पोटातले अवयव त्याच तालावर डोलायला लागतात.

आता काँक्रीटच्या रस्त्यावर बारा ते पंधरा फुटांवर जोड असतात असं धरा. ताशी साठ मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. भागा. सेकंदाला सहा ते सात धक्के. नेमका तोच पट्टा! म्हणजे रस्ता आपलं काम चोख करतोच आहे, ते धक्के मणक्यापर्यंत पोचू न देणं हे स्प्रिंगचं काम. आणि ते करायला तिला एकच गोष्ट लागते, वर-खाली व्हायला जागा. इथले लोक तिला ट्रॅव्हल म्हणतात.

सगळा घोळ इथे आहे. "गाडी खाली केली" या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, गाडीचं अंग जमिनीच्या जवळ आलं. दोन, चाकाला वर यायची जागा कमी झाली. पहिली गोष्ट हवी म्हणून दुसरी आपोआप येते असं सगळे धरून चालतात, आणि तिलाच "सहन करणं" असं गोंडस नाव देतात.

स्प्रिंग कापणाऱ्याचं गणित करून बघू. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. आठ चालते वेढे असतील आणि दोन कापले, तर आठ भागिले सहा, म्हणजे स्प्रिंग ३३ टक्के कडक. ताल वाढला त्याच्या वर्गमुळाने, साधारण १५ टक्के. हे काही फार भयंकर नाही! खरं सांगतो, मला हे बघून आश्चर्य वाटलं होतं. सगळे म्हणतात कापलेली स्प्रिंग कडक होते म्हणून गाडी आपटते. पण १५ टक्क्यांनी बाबा नऊ दिवस झोपत नाहीत.

मग झोपवलं कशाने? समजा चाकाला वर यायला मुळात चार इंच होते. गाडी तीन इंच खाली आली, राहिला एक. खड्ड्याची ऊर्जा तेवढीच आहे, ती स्प्रिंगने गिळायची आहे, आणि ती ऊर्जा अंतराच्या वर्गावर जाते. जागा अर्धी झाली तर चौपट कडक स्प्रिंग हवी. पाव झाली तर सोळापट. आपल्याकडे आहे किती? एक पूर्णांक ३३ शतांश. उरलेलं कोण करणार? तो रबरी ठोकळा. तो करतोही, पण दणक्याने, एका क्षणात. तुम्ही ज्याला "लो गाडीची राइड" म्हणता ती राइडच नव्हे. ती टक्कर आहे, दर जोडाला एक, आणि मी ती बाबांच्या मणक्यावर सान मटेओपासून फ्रीमाँटपर्यंत करत आलो.

बरं, एवढ्यावर भागत नाही. एक्सल रबराला टेकला की तेवढ्यापुरती ती बाजू एकदम दगडासारखी होते. वळणावर हे झालं तर मागचं टायर पकड सोडतं. "खाली गाडी वळणाला चांगली" हा या लोकांचा दुसरा लाडका डायलॉग. गुरुत्वमध्य खाली आला की वळताना बाहेरच्या चाकांवर वजन कमी सरकतं, हे बरोबरच आहे. पण पकड टायरची असते, आणि टायर रस्त्याला चिकटून राहायला चाक हलावं लागतं. पहिल्या पावसात फ्रीवेच्या एका एक्झिटवर माझं मागचं अंग हातभर बाहेर सरकलं होतं. तेव्हा मी टायरला दोष दिला होता. पुढे तर आणखी मजा. स्प्रिंग कापून खाली आणली की पुढचे कंट्रोल आर्म आपल्या जागेवरून वर तिरके होतात, चाकाचा माथा आत झुकतो, टायर आतल्या कडेने झिजतं, आणि खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःच्या मनाने इकडेतिकडे जातं. मागे ते दोन लांब हात फिरले की एक्सलही त्यांच्याबरोबर फिरतो, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि ठरावीक वेगाला सीटखाली घरघर सुरू होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळ लांबीचे ठेवले तर तेही आत तळाला आपटतात. पुढच्या मालकाला मग "जुनी गाडी म्हणजे खर्चिक" असं वाटतं.

आता गंमत अशी की हे सगळं न होता गाडी खाली करता येते. हे गुपितही नाही. गेल्या कित्येक वर्षांपासून त्याचे भाग डब्यात घालून विकायला ठेवलेले आहेत.

पुढचं चाक ज्या दांड्यावर बसतं तो स्पिंडल. बाजारात असे स्पिंडल मिळतात ज्यांत तो दांडा अडीच इंच वर सरकवलेला असतो. ते बसवले की स्प्रिंग तीच, कंट्रोल आर्म त्याच कोनात, ठोकळ्यापर्यंतची जागा तीच, आणि गाडी अडीच इंच खाली. जमिनीपासूनची उंची गेली, चाक आणि मडगार्डमधली फट कमी झाली, पण ट्रॅव्हल शाबूत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एखादा नीट लिहिलेला इंटरफेस बघितल्यासारखा आनंद झाला होता. :) बाहेरून दिसतं ते बदललं, आतल्या कुणाला पत्ताही नाही.

मागे काम जास्त आहे. तिथे एक्सलच्या बरोबर वर चॅसीचा पट्टा येतो. तो तिथे अर्धगोल कापून, आतून जाड पोलादी पट्टी बोल्ट करून किंवा वेल्ड करून, एक्सलला वर यायला खाच करून द्यायची. सी-नॉच म्हणतात. म्हणजे कापायचंच असेल तर चॅसी कापा आणि मजबूत करा, पण स्प्रिंगला हात लावू नका! मग कमी उंचीच्या, मुद्दाम त्यासाठी बनवलेल्या स्प्रिंगा, आखूड शॉक, त्यांच्या वरच्या टोकाला नवी जागा, आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून जो पॅनहार्ड बार असतो तो लांबी बदलता येईल असा. मूळचा बार आखूड आहे, गाडी खाली आली की तो तिरका होऊन अख्खा एक्सल एका बाजूला ढकलतो.

मी हे सगळं गेल्या हिवाळ्यात केलं. पुढे अडीच इंच, मागे चार. सात शनिवार आणि एक कापलेला अंगठा. वेल्डिंग मी केलं नाही, चॅसीवर शिकायचं नसतं. ऑफिसातल्या एका मित्राचे काका करतात, त्यांच्याकडून करून घेतलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फोन सीटवर चिकटपट्टीने चिकटवून ८८०च्या त्याच तुकड्यावर त्याच वेगाने कंपनं नोंदवली. आधीच्या आलेखात दर जोडाला करवतीसारखा दात. नंतरच्या आलेखात गोल, आळसावलेल्या लाटा आणि त्यांच्यावर बारीक खरखर. ताल दोनच्या वर होता तो दीडच्या आसपास आला. आणि गाडी आधी होती तेवढीच खाली आहे. शेजारी उभे राहून फोटो काढले तर फरक ओळखता येत नाही.

म्हणून म्हणतो, "सहन करावं लागतं" हे वाक्य खोटं आहे. खरं वाक्य असं आहे: "मी खर्च वाचवला, आणि वाचलेला खर्च शेजारी बसणाऱ्याच्या पाठीतून वसूल करतोय." असं बोला, मग माझी तक्रार नाही. ज्या दुकानाने माझा ट्रक आधीच्या मालकासाठी कापला, त्यांनी पावतीवर काय लिहिलं होतं माहितीये? "लोअरिंग, चारही बाजू." बस. कोडमध्ये टेस्ट डिलीट करून "सगळ्या टेस्ट पास" लिहिण्यातला हा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, लोरायडरवाले तर पहिल्यापासून स्प्रिंगा कापत आले, डिकीत वाळूची पोती टाकत आले. बरोबर. आणि त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. लोरायडर ही इथल्या मेक्सिकन-अमेरिकन लोकांची चीज आहे, त्यावरचं मासिक १९७७मध्ये याच सान होजेत निघालं. रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग यायला नको असा कायदा कॅलिफोर्नियाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस केला, तेव्हा त्यांनी विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवून बटणावर गाडी वर-खाली करून दाखवली. पोलीस दिसला की वर, गेला की खाली! सान होजेने रस्त्यावर संथ फेऱ्या मारण्यावरची बंदी २०२२मध्ये उठवली, आणि राज्याचा तो उंचीचा नियमही १ जानेवारी २०२४पासून गेला. पण त्यांचं ब्रीद ऐका: खाली आणि हळू. ताशी दहा मैलाने गाणी लावून जाणाऱ्या गाडीला ट्रॅव्हल कशाला लागतो? त्यांचा हिशेब पूर्ण आहे. आपल्या लोकांनी त्यातलं "खाली" उचललं, "हळू" तिथेच सोडलं, आणि ८८०वर सत्तरने निघाले.

एअर सस्पेन्शनवाल्यांनीही हसू नये. हवेच्या फुग्यांवर गाडी छान चालते, मान्य, पण योग्य उंचीला. फोटोसारखी दिसावी म्हणून हवा सोडून, फुगे चपटे करून चालवलीत तर तुम्हीही त्याच ठोकळ्यावर आहात, फक्त जास्त पैसे देऊन. आणि पुण्यात जुन्या होंडा सिटीच्या स्प्रिंगा कापून फिरणाऱ्या माझ्या दोन वर्गमित्रांनो, तुमच्या गल्लीत किती स्पीडब्रेकर आहेत ते आठवा. एवढंच.

दुसऱ्या टोकाचे लोक मला तितकेच छळतात. "कंपनीने बनवली तशी ठेवावी, इंजिनिअरना कळत होतं." कळत होतं ना, पण त्यांना हौद्यात अर्धा टन माल दिसत होता. पिकअपच्या मागच्या स्प्रिंगा भरलेल्या गाडीसाठी असतात, रिकाम्या गाडीचं मागचं अंग हलकं, म्हणून ते उंच उभं राहतं आणि उड्या मारतं. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आल्यावर, १९३०च्या दशकात, दाखवून दिलं होतं की मागचा ताल पुढच्यापेक्षा थोडासाच जलद हवा, म्हणजे खड्डा ओलांडल्यावर गाडी डुलत न राहता सपाट होते. थोडासाच. रिकाम्या ट्रकात तो फारच जलद असतो. आज या ट्रकांपैकी किती जण वाळू वाहतात? माझ्या हौद्यात गेल्या वर्षभरात एक सोफा, दोन झाडं आणि आयकियाची खोकी गेली. त्यासाठी अर्ध्या टनाच्या स्प्रिंगा मी का बाळगाव्यात?

पण इथे मला एक कबूल करायला हवं. ज्या मऊ स्प्रिंगांवर माझा ट्रक आता इतका सुखात चालतो, त्या माल उचलणार नाहीत. सोफा ठीक. मध्यंतरी एका मित्राच्या बागेसाठी ओली माती आणायला गेलो, दहा फावडी पडली आणि मागचा ठोकळा टेकला. मित्राने ती माती भाड्याच्या गाडीतून नेली. खाली करण्याची खरी किंमत ही आहे, ती मी दिली, आणि ती माझीच होती. माझा ट्रक आता ट्रकसारखा दिसणारी दोन-तीन माणसांची गाडी आहे. हे ज्याला पटत नसेल त्याने खाली करू नये. उलट ज्याला खरंच माल वाहायचाय, त्याने मूळ उंचीचा सी-टेन घ्यावा आणि माझ्यासारख्यांना खुशाल हसावं.

रविवारी त्या १९६८वाल्याला मी हे सगळं सांगितलं. अर्थात इतकं नाही, तो कंटाळला असता. फक्त ग्रीसचं सांगितलं. तो म्हणाला, त्याची गरज नाही, गाडी मागच्याच वर्षी एका नावाजलेल्या माणसाने खाली केली आहे. मी खिशातून पेपर नॅपकिन काढला, बाजूच्या माणसाकडून थोडं ग्रीस मागून घेतलं, आणि आम्ही दोघं जण स्वच्छ कपड्यांत पार्किंगच्या डांबरावर आडवे झालो. एक फेरी मारून आला तेव्हा डाग माझ्यापेक्षा मोठा होता. त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, तो अडीच इंचाचा स्पिंडल १९६८ला बसतो का. त्याला ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे डिस्कचाही खर्च येईल असं मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. नंबर मात्र घेतला.

बाबा डिसेंबरमध्ये परत येतायत. फोनवर त्यांनी ट्रकचं विचारलं तेव्हा मी आलेख, ताल, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू दे. ग्रीस लावून बघितलंस का?" बघितलं, बाबा. कोरडं आहे. फक्त एक्सल अजून पाव इंच डावीकडे आहे, वळताना टायर किंचित घासतं. पॅनहार्ड बारची नट गंजली आहे, तेल मारून ठेवलंय, पुढच्या शनिवारी सुटेल बहुतेक.